चौथी बाजू

"छान" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. कुणी भोळेपणानं म्हणालं, "काका, छान आहे हो तुमची कॅसेट," की ते लगेच हात पुढं करत. "आणा इकडं. छान म्हणजे ऐकली न्हाई." आणि खरंच काढून घेत. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भर दुपारी एका बँकेच्या शिपायाच्या सायकलला लटकलेल्या पिशवीतून त्यांना कॅसेट उपसून काढताना मी डोळ्यांनी पाहिलंय. तो बिचारा म्हणत होता, "आवं, अजून लावायचीय मला." आणि हे म्हणत होते, "लावायच्या आधीच छान म्हणून बसलास, आता लावून काय करतूस?"

असल्या माणसाच्या घरात मी दोन वर्षं भाड्यानं राहिले. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. अर्ध्या कचेऱ्या लोकांच्या घरांत भरायच्या, आणि कोणतं खातं कोणत्या गल्लीत हलवलंय हे पोस्टमनलाही विचारावं लागायचं. मी नांदेडची. नवीन जिल्ह्यात जागा निघाल्या म्हणून क्लार्क होऊन आले आणि आल्या आल्या टंचाईच्या टेबलावर बसले. दुष्काळ होता. दिवसभर टँकरच्या फेऱ्या लिहायच्या आणि घरी येऊन त्याच टँकरपुढं हंडा घेऊन उभं राहायचं. माझा जीव एक दिवस तिथं रमला नाही. बदलीचा अर्ज मी पहिल्या महिन्यातच लिहून ठेवला होता.

खोली शोधताना दोन घरांत आधी चहा झाला, मग आडनाव झालं, आणि आडनाव झाल्यावर ती खोली गावाकडून येणाऱ्या पुतण्यासाठी ठेवलेली निघाली. आम्ही बौद्ध. दोन्हीकडे पुतण्याच कसा निघाला देव जाणे. तिसऱ्या दारात हे उभे होते, कानावर स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला, हातात माईकची वायर. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "टेप हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"एक स्पीकरचा का दोन?"

"एकच. दादानं दिलाय."

"चालतंय. कधी येताव राहायला?"

पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलं, की काका, तुम्ही माझं आडनाव कसं नाही विचारलं? ते चक्क वैतागले. "काय करायचंय? तुमच्या आडनावाला ऐकू येतंय का?" त्यांच्या लेखी माणसाला दोन कान आणि एक टेप असला की झालं. बाकीची चौकशी त्यांना वेळ घालवणं वाटायची. हे मी त्यांचं कधीच विसरणार नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते.

तरुणपणी ते नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. वीस वर्षं गावोगावी दुसऱ्यांची गाणी वाजवली. मग एक दिवस म्हणे माहूरच्या जत्रेत एका रात्रीत तेच गाणं पब्लिकनं तीनदा म्हणायला लावलं, तिसऱ्या वेळी यांनी गिटार खाली ठेवली आणि एस. टी. धरून घरी आले. त्यानंतर माईक आणि भोंगे भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, वाकळा टांगून, एकट्यानं स्वतःची गाणी भरली. गिटार त्यांची, गळा त्यांचा, ठेका रॉकेलच्या डब्यावर. गाणी प्रेमाची नाहीत, देवाची नाहीत. वायरमनचं एक, लातूरजवळच्या मुरुडच्या आठवडी बाजारात वाट चुकलेल्या बैलाचं एक, कोरड्या नळाचं एक. ती भरता भरता एवढी झाली, की एका कॅसेटीत मावेनात. म्हणून दोन कॅसेटी, चार बाजू. बाजूंवर एक ते चार आकडे. मूळ धरून असे तीनच संच होते आणि ते गावभर फिरत असायचे.

"माझ्या वाकळा काढून नेल्या वो या माणसानं," काकू मला सांगायच्या. "थंडीत चादरीवर काढले दिवस. गाणं म्हणं! मला तर त्याच्यानं डोकं दुखतंय."

ते कधी बसत नसत. जेवायचेसुद्धा उभ्यानं, ताट शिडीच्या पायरीवर ठेवून. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांच्याबरोबर चालायला लागायचं. सकाळी मी हंडा घेऊन निघाले की हे शेजारी चालू लागायचे. "म्याडम, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. मधी मी गिटार थांबवलीया. तिथं तुम्हाला काय वाटलं?" मला काय वाटणार? मला वाटायचं की आज नंबर लागतो का नाही. पण त्यांना खोटं चालायचं नाही. पहिली कॅसेट मला खरंच आवडली होती, निदान त्यातली चार-पाच गाणी. वायरमनचं गाणं मी ऑफिसात गुणगुणायचे. ते त्यांना सांगितलं तर म्हणाले, "गुणगुणता येतंय म्हणजे त्यात काहीतरी चुकलं माझं."

लोक तोंडावर खोटं बोलतात हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यामुळं त्यांनी एक पद्धत काढली होती. कॅसेट परत देताना टेप गुंडाळायची नाही. जिथं थांबलात तिथंच राहू द्यायची, आणि जी बाजू ऐकत होतात ती वर ठेवून डबीत घालायची. मग हे डबी उघडायचे, वरचा आकडा बघायचे, कॅसेट उन्हाकडं धरायचे आणि दोन्ही चकत्यांवर टेप किती आहे ते बघून सांगायचे, "तिसऱ्या बाजूला, दुसऱ्या गाण्यात, कडव्याच्या आधी उठलाव तुम्ही. कामून?" माणूस ओशाळायचा. मुरुडचा एक कापडवाला छातीला हात लावून म्हणाला होता, सगळी ऐकली, चारी बाजू. यांनी कॅसेट उन्हाला धरली आणि म्हणाले, "शेठजी, तुम्ही दुसरी कॅसेट डबीतून काढलीच न्हाई."

नवा जिल्हा म्हणजे दर आठवड्याला एक उद्घाटन, आणि उद्घाटन म्हणजे यांचा माईक. एका कचेरीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. पाहुणे लांबून यायचे, म्हणजे दोन तास उशिरा येणार हे मांडववाल्यालाही माहीत. लोक उन्हात ताटकळलेले. यांनी सनईची कॅसेट काढली आणि स्वतःची तिसरी बाजू लावली. लागलं ते नेमकं कोरड्या नळाचं गाणं. एक माणूस तोटी उघडतो, बंद करतो, परत उघडतो, आणि मागं गिटार किरकिरत राहते. सात मिनिटं हेच. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. साहेबलोक हातवारे करून "बंद करा, बंद करा" म्हणायला लागले. हे माईकच्या टेबलाशी एक बोट वर करून उभे. "एक कडवं ऱ्हायलंय!" इकडं पाहुण्यांच्या गळ्यात हार पडतोय आणि तिकडं दोन्ही भोंग्यांतून "उघडली... बंद केली... उघडली..." मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हातारी मात्र डोळे पुसत होती, ती का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. "तो माईकवाला तुमचाच घरमालक ना? समजावून सांगा त्याला." माझं डोकं फिरलं. बदलीचा अर्ज ज्यांच्या हातात, त्यांच्याच पुढं माझी ही शोभा! संध्याकाळी तावातावानं घरी गेले आणि सगळं सुनावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या म्याडम. साहेब काय म्हणले गाण्याबद्दल? लांब वाटलं का आवाज मोठा झाला?"

गावात त्या कॅसेटींवरून भांडणं व्हायची. आमच्या कोपऱ्यावर एक हॉटेलवाला होता आणि त्याच्याकडं रोज येणारे कॉलेजातले एक प्राध्यापक होते. हॉटेलवाल्याचं म्हणणं, "पहिली कॅसेट लावली तर गिऱ्हाईक दोन चहा पितंय. दुसरी लावली तर कपात बघत बसतंय आणि उठून जातंय. पहिलीच ठेवा." प्राध्यापकांचं उलट. "पहिली म्हणजे नुसता धिंगाणा आहे. खरा माणूस दुसरीत बोलतो." मग हॉटेलवाला विचारायचा, "तुम्ही दुसरी किती ऐकली सर?" प्राध्यापक म्हणायचे, "तिसरी बाजू. बरीचशी." त्यावर सगळं हॉटेल हसायचं. कुणी म्हणायचं आवाज चिरका आहे, कुणी म्हणायचं चिरका आहे म्हणूनच बरा. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, की काका, दोनाची एक करा. निम्मी गाणी काढून टाका, सोनं होईल.

यावर ते भडकायचे नाहीत. शांतपणे विचारायचे, "चौथी बाजू ऐकलाव का?" कुणीच ऐकली नव्हती. उन्हाला धरलेली एकही कॅसेट तिसऱ्या बाजूच्या पुढं गेलेली नव्हती. "मग ज्यानं ऐकलीच न्हाई त्यानं काढ म्हणून कसं सांगावं? शेवटपर्यंत ऐकून कुणी काढा म्हणू द्या, मी त्याच दिवशी काढतो." चौथी तेवढी आधी लावायला ते कुणाला देत नसत. पुढचं आधी ऐकलं की मागचं कळत नाही, असं त्यांचं ठाम मत. काकूंनासुद्धा सूट नव्हती.

अशात नांदेडचा एक व्यापारी तयार झाला. कॅसेटी काढून गावोगावच्या दुकानांत ठेवणारा. त्यानं यांची पहिली कॅसेट कुठंतरी ऐकली आणि बोलावून घेतलं. अट एकच. दोन चालणार नाहीत. एक करून आणा, सोमवारी आणा, नाहीतर विषय संपला.

हे नांदेडहून परत आले ते थेट माझ्या दारात. शनिवारची संध्याकाळ. मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी दुसरी कॅसेट पुढं केली. चेहरा असा, की मी चेष्टा करणार होते ती गिळली.

"म्याडम, उद्या सुट्टी हाय तुम्हाला. दोन्ही बाजू ऐका. शेवटपर्यंत. मग मला सांगा, ठेवू का काढू. तुम्ही ठेव म्हणलाव तर त्या व्यापाऱ्याला मी न्हाई म्हणून सांगतो. काढ म्हणलाव तर काढतो."

"अहो काका, मला गाण्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच तर. तुम्ही खोटं बोलत न्हाई. पहिलीतली चारच गाणी आवडली म्हणून तोंडावर सांगितलाव तुम्ही मला."

मी हो म्हणाले. खरंच ऐकणार होते, शपथेवर सांगते. रविवारी सकाळी चहा घेऊन टेपमध्ये तिसरी बाजू लावली. पहिलं गाणं सुरू झालं. हळू होतं, बरं होतं. दोन-तीन मिनिटं झाली असतील, तोच गल्लीत टँकरचा हॉर्न. टेप बंद केला आणि हंडे घेऊन पळाले. त्या दिवशी टँकरवर दोन बायांचं जुंपलं, टंचाईच्या टेबलावर असते म्हणून सगळ्या माझ्याच अंगावर आल्या. "तुमच्याच हापिसातून सुटतंय ना पाणी? मग आमच्या गल्लीला कामून येत न्हाई?" अडीच हंडे मिळाले. घरी येऊन धुणं धुतलं, जेवले आणि अशी झोपले की उठले तेव्हा दिवे लागले होते. टेपकडं बघितलं. मनात आलं, पुरे झालं ह्यांचं, ह्या गावाचं, ह्या पाण्याचं. कॅसेट काढली, डबीत कोंबली आणि भाकरी थापायला बसले.

सोमवारी सकाळी सहाला हे दारात. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. मी डबी दिली. त्यांनी ती उघडली आणि तिथंच थांबले.

डबीत चौथी बाजू वर होती. मी उलटी घातली होती. मुद्दाम नाही, कोंबताना झालं होतं. पण तिसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात थांबलेली कॅसेट उलटी केली, की ती चौथीच्या शेवटच्या गाण्यात थांबल्यासारखी दिसते. ज्यांनी कॅसेटी वापरल्यात त्यांना हे सांगायला नको. त्यांनी ती दारातल्या उजेडाकडं धरली.

"शेवटच्या गाण्यापर्यंत," ते म्हणाले. "म्याडम, तुम्ही पार शेवटच्या गाण्यापर्यंत गेलाव."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, काका, उलटी घातलीय मी. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला ते म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर त्यांची बस होती, माझं ऑफिस होतं, मला हा विषय संपवायचा होता.

"मग? ठेवू का काढू?"

"काढा," मी म्हणाले. "लांबतेय ती."

सगळं गाव जे म्हणत होतं तेच मी म्हणाले. ते उंबऱ्यावर बसले. दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं बघितलं. मग आत बघून काकूंना हाक मारली. "ऐकलं का गं? म्याडम शेवटपर्यंत गेल्या. शेवटपर्यंत जाऊन मग सांगितलं त्यांनी. आता माझं काही म्हणणं न्हाई." आणि उठून बसस्टँडकडं गेले.

व्यापाऱ्यानं एक कॅसेट काढली. त्याच्यासाठी नमुने करून द्यायचे होते आणि कोऱ्या कॅसेटी हाताशी नव्हत्या, म्हणून यांनी तिन्ही संचांतल्या दुसऱ्या कॅसेटींवर पहिलीच परत भरली. म्हणजे तिसरी-चौथी बाजू कुठंच राहिली नाही. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. पण तेव्हा बोलून काय उपयोग, अशी मी मनाची समजूत घातली. ही समजूत फार सोयीची असते.

नवीन कॅसेट दुकानांत लागली आणि लोकांची तोंडं फिरली. हॉटेलवालाच म्हणायला लागला, "काका, ही लवकर संपतीया. ती दुसरी कुठं हाय? तिच्यात दम होता." प्राध्यापक तर त्यांच्याशी बोलेनासे झाले, म्हणे तुम्ही बाजारापुढं मान तुकवली. मुरुडच्या कापडवाल्यानंही निरोप धाडला, दुसरी असेल तर पाठवा. यांनी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं. "आमच्या म्याडमनी शेवटपर्यंत ऐकली होती. त्यांनी काढा म्हणलं." रस्त्यात मला थांबवून लोकांना दाखवायचे. "ह्या त्या. चारी बाजू ऐकलेल्या ह्या एकट्याच." मी मान खाली घालून पाय उचलायचे. सहा महिन्यांनी नांदेडची बदली झाली तेव्हा निरोपाला ते बसस्टँडवर आले होते, माझी ट्रंक त्यांनीच टपावर चढवली. बस सुटली आणि मला सुटल्यासारखं झालं.

मग वर्षं गेली. ते गेल्याचं मला एका जुन्या सहकाऱ्याकडून उशिरा कळलं. जायला हवं होतं, गेले नाही. कसं तोंड दाखवायचं, हेच खरं कारण.

नांदेडला माझ्या घरी एके दिवशी दुपारी काकू आल्या. बहिणीच्या मुलाच्या लग्नाला आल्या होत्या आणि ऑफिसातून पत्ता विचारत विचारत आल्या. वाळून अर्ध्या झाल्या होत्या. मी पाणी दिलं, चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ताई, एक विचारायचं होतं. त्याच्यासाठीच आले."

"विचारा ना काकू."

"चौथ्या बाजूला शेवटी माझं गाणं होतं म्हणं. ते सांगायचे. तुझंबी केलंय, पण सगळ्याच्या शेवटी ठेवलंय, आधीचं ऐकशील तर ते ऐकू देईन. मला कुठला दम? पाणी, चूल, डोकेदुखी. ऐकू कधीतरी म्हणलं, आणि त्यांनी पुसून टाकली." त्यांनी पदर आणखी घट्ट गुंडाळला. "तुम्ही एकट्यांनीच ऐकलंय ते. ऐकून तुम्ही काढा म्हणलाव. म्हणजे चांगलं झालं नसंल ते. मी काही मनाला लावून घेत न्हाई. माझ्यावर काय गाणं होणार? पण इतकी वर्षं वाटायलंय, नेमकं काय होतं त्याच्यात?"

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच पाठमोरी उभी राहिले. दोन ओळी रचून सांगता आल्या असत्या, मनात आलंही होतं. पण ह्या बाईला मी अजून एक खोटं सांगणार असेन, तर मग माझ्या जिण्यावर थू आहे असं वाटलं.

"काकू, मी ऐकलं नाही ते." मी वळून म्हणाले. "तिसऱ्या बाजूचं पहिलं गाणं अर्धं ऐकलं फक्त. मग टँकर आला. डबीत कॅसेट उलटी पडली, काकांना वाटलं मी शेवटपर्यंत गेले, आणि मी गप्प बसले. लांबतेय म्हणाले ते उगं म्हणाले. तुमचं गाणं मी ऐकलंच नाही. माझ्यामुळं गेलं ते."

मला वाटलं त्या शिव्या देतील, उठून जातील. दोन्ही मला हवं होतं. त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं, लाजल्यासारखं.

"म्हणजे चांगलं असंल मग," त्या म्हणाल्या.